खानदेशची चुनखडी : एक पारख



वसंतातल्या संध्याकाळी लोक संतवाङ्मयावर ऐकायला येतात, राजकारणावर ऐकायला येतात. चुनखडीवर ऐकायला कोण येणार, अशी शंका आमच्या मित्रांनी आधीच बोलून दाखविली होती. तरीही आपण आलात, याबद्दल आभार. चुना म्हटला की साधारणपणे दोनच गोष्टी आठवतात. एक पान आणि दुसरी फसवणूक. आम्ही ज्या लोकांत वावरतो त्यांना तिसरीही आठवते, ती म्हणजे चुन्याने उललेले तळहात. आम्ही महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. गवंडी, बेलदार, वडार, माल वाहणाऱ्या बाया यांच्या संघटनेचे काम करता करता, त्यांची मजुरी मागायची तर त्यांचे काम समजले पाहिजे म्हणून वाचू लागलो, आणि वाचता वाचता या विषयाशी येऊन थांबलो.

प्रश्न साधा आहे. चुनखडी हे बांधकामाचे चांगले साहित्य आहे की नाही? इंजिनियर मंडळी याचे उत्तर एका कोष्टकात देतात. परंतु खानदेशापुरते पाहिले तर त्या उत्तराला चारशे-पाचशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो कोष्टकात मावत नाही.

आपला मुलुख काळ्या दगडाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा उसळला, थरावर थर बसले, आणि सातमाळ्यापासून सातपुड्यापर्यंत सगळे त्याने झाकून टाकले. चुनखडीचा खडक प्रामुख्याने समुद्राच्या तळाशी, शंख-शिंपल्यांच्या चुऱ्यातून तयार होतो. तसला समुद्री दगड उत्तरेकडे नर्मदेच्या खोऱ्यात बाघच्या बाजूला सापडतो, पूर्वेकडे यवतमाळ-चंद्रपुरात सापडतो. मधल्या आपल्या जिल्ह्यांत नाही. तेव्हा जळगाव-धुळ्याचा माणूस चुनखडीच्या चिऱ्यांची भिंत बांधू म्हणेल तर त्याला दगड परमुलखातून आणावा लागेल.

पण निसर्गाने येथे एक वेगळीच सोय करून ठेवली आहे. काळ्या दगडातच चुन्याचा अंश आहे, वजनाने जवळजवळ दहावा हिस्सा. दगड झिजतो, त्याची काळी माती होते, पावसाच्या पाण्यात हा अंश विरघळतो आणि खाली उतरतो. आपल्याकडे पाऊस बेताचा, उन्हाळा कडक. पाणी उडून जाते आणि चुना मातीतच गाठी धरून बसतो. नांगराच्या फाळाला लागणारे ते ओबडधोबड, मळकट पांढरे खडे, ज्यांना शेतकरी वैतागून बांधावर फेकतो, तीच आपली चुनखडी. पुस्तकात तिला कंकर म्हणतात. तापीच्या गाळात, नाल्यांच्या दरडींत ती पाहिजे तेवढी दिसते. दिसायला कळाहीन, हातात घेतली तर माती लागलेली. हिची पारख आपल्या पूर्वजांनी कशी केली, ते पाहायचे आहे.

फार जुन्या कामांत तिची गरजच पडली नव्हती. चाळीसगावजवळचे पाटणचे देऊळ पाहा, तापी-पूर्णेच्या संगमावरचे चांगदेवाचे देऊळ पाहा, साक्री तालुक्यात बळसाण्याची देवळे पाहा. ज्यांना आपण हेमाडपंती म्हणतो ती ही कामे. पाथरवटाने दगड असा घडवायचा की एकावर एक चपखल बसावा. मध्ये चुना नाही, वजनानेच भिंत उभी. अजिंठ्याला चुना आहे, पण तो भिंत जोडण्यासाठी नव्हे. मातीच्या लेपावर चित्रासाठी दिलेला पातळ हात आहे तो. एवढेच म्हणावेसे वाटते की बिनचुन्याची भिंत ही स्वस्त गोष्ट नव्हती. एकेक दगड घडवायला जे दिवस लागले असतील ते राजाला परवडले, गावाला परवडले नसते.

चुन्याने हा हिशेब बदलला. फारुकी सुलतानांच्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १६०१ साली अशीरगड अकबराच्या हाती पडेपर्यंत, खानदेशात घुमट आणि कमानी आल्या. थाळनेरचे मकबरे आपण पाहिलेच असतील. घुमटाला नुसत्या वजनाचा भरवसा चालत नाही. विटा किंवा दगड धरून ठेवणारा माल लागतो. आणि असा माल हाती आला की दगड तंतोतंत घडविण्याची गरज उरत नाही. डबर चालतो, वीट चालते. पारोळ्याचा १७२७ चा भुईकोट किंवा आपल्या गावांतले वाडे, घाट, विहिरी या चुन्यानेच शक्य केल्या. एरंडोल तालुक्यात फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांची कीर्ती सगळ्यांना ठाऊक आहे. लोक त्यात चमत्कार पाहतात. चुन्याच्या सांध्यात थोडी लवचीकता असते, सिमेंटच्या सांध्यात ती नसते, एवढे ध्यानात ठेवले तर चमत्कारातला बराच भाग समजण्याजोगा होतो.

पण आमच्या मते चुनखडीची खरी परीक्षा मनोऱ्यात झाली नाही, नदीच्या पात्रात झाली. पांझरेवरची फड पद्धत आपणांस माहीत आहे. साक्री-धुळ्याकडच्या शेतकऱ्यांनी नदीवर ठिकठिकाणी बंधारे घातले, पाटाने पाणी काढले, शिवाराचे फड पाडले आणि कोणत्या फडात यंदा कोणते पीक हे सगळ्यांनी मिळून ठरविले. पाटकरी, हवालदार, बारेकरी, जागल्या अशी माणसे नेमली. ही व्यवस्था तीनशे वर्षांहून जुनी मानतात. तिच्या सहकाराबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु सहकाराच्या मुळाशी एक दगडी भिंत होती आणि ती बाराही महिने ओली राहणारी होती, याकडे लेखकांचे लक्ष कमी गेले.

येथे अडचण अशी. शुद्ध, पांढराशुभ्र चुना हवेत घट्ट होतो. हवेतला वायू शोषून तो पुन्हा दगड बनतो. पाण्याखाली हवा नाही; तेथे शुद्ध चुना महिनोन् महिने लोण्यासारखा मऊ राहतो आणि प्रवाहाबरोबर धुऊन जातो. म्हणजे जो चुना दिसायला सर्वांत उत्तम, पानाला आणि सफेदीला सर्वांत उत्तम, तोच बंधाऱ्याला कुचकामाचा. आपला कंकर मातकट असतो. त्या मातीतच गुण आहे. माती आणि चुना एकत्र भाजले गेले की त्यांचा असा संयोग होतो की पुढे पाणी मिळताच तो माल पाण्याखालीही आवळतो. ज्या खड्याला शेतकऱ्याने बांधावर फेकले त्यानेच त्याच्या पाटाला पाणी चढविले.

ही गोष्ट युरोपात शास्त्र म्हणून मांडली गेली ती अठराव्या शतकात. इंग्लंडच्या किनाऱ्याबाहेर एडिस्टोनच्या खडकावर दीपगृह बांधायचे होते. जॉन स्मीटन या इंजिनियराने १७५६ च्या सुमारास निरनिराळ्या ठिकाणची चुनखडी आणून आम्लात विरघळवून पाहिली. जिचा गाळ म्हणून माती मागे राही तिचाच चुना समुद्राच्या पाण्यात टिके. दीपगृह १७५९ साली उभे राहिले. पुढे फ्रान्समध्ये लुई व्हिका याने १८१८ च्या सुमारास सिद्ध केले की शुद्ध चुन्यात मोजून माती घालून भाजली तरी तोच गुण आणता येतो. पांझरेच्या काठच्या गवंड्याला हे माहीत नव्हते. त्याला एवढे माहीत होते की अमक्या नाल्याचा खडा घ्यायचा, तमक्याचा घ्यायचा नाही. कारण सांगता आले नाही म्हणून ज्ञान खोटे ठरत नाही. मात्र कारण न कळल्यामुळे ते दुसऱ्या गावी नेता येत नाही, हेही खरे. जुने सगळेच सोने असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही.

खडा पारखायचा कसा हे आज कोणालाही करून पाहता येते. खड्याची पूड करून तिच्यावर सौम्य आम्ल टाकावे. फसफसून विरघळेल तो चुना. तळाशी राहील ती माती आणि वाळू. शंभर भागांत चारपाचच भाग माती राहिली तर सफेदीचा चुना. पंधरा-वीस भाग राहिली तर पाण्यातल्या कामाचा. निम्मी राहिली तर खडा परत बांधावर टाकावा. मागे राहिलेला गाळ बोटांत चोळून पाहावा. खरखरीत वाळू लागली तर ती उपयोगाची नव्हे, गुण चिकण मातीचा आहे. मग थोडा खडा भाजून, विरवून, दळून त्याचा लाडू वळावा आणि पाण्याच्या भांड्यात ठेवावा. आठ-पंधरा दिवसांनी अंगठा रुतत नसेल तर बंधाऱ्याचा माल हाती आला. भारतीय मानक ७१२ मध्ये बांधकामाच्या चुन्याचे वर्ग पाडले आहेत, त्यांत कंकराच्या चुन्याला ‘ई’ हा स्वतंत्र वर्ग दिलेला आहे. म्हणजे सरकारदरबारीही हा खडा अगदीच बेवारस नाही.

आता भट्टीकडे वळू, कारण खडा चांगला असणे ही अर्धीच गोष्ट. चुना भाजणे हे लोणाऱ्यांचे पिढीजात काम. खडे धुवायचे, सारखे फोडायचे, भट्टीत एक थर सरपणाचा किंवा कोळशाचा, एक थर खड्यांचा असे रचायचे. सुमारे नऊशे अंश उष्णता लागते. शुद्ध चुनखडी शंभर किलो भाजली तर छप्पन्न किलो कळीचा चुना उरतो, चव्वेचाळीस किलो वायू होऊन उडून जातो. हा वायू जड असतो, खाली साचतो. हिवाळ्यात ऊब मिळते म्हणून भट्टीच्या उतारावर निजलेला माणूस सकाळी उठलाच नाही, अशा गोष्टी जुने लोक सांगतात. भुताने नेला म्हणत. भूत ते हेच.

मग कळी विरवायची. पाणी पडताच ती सळसळून उकळते, फुगते, फुटते. डोळ्यात एक शिंतोडा गेला तर दृष्टी जाते. आम्ही ज्या बायांबरोबर काम केले त्यांतल्या कित्येकींच्या बोटांची पेरे चुन्याने खाल्लेली होती. हाताला गोडे तेल लावून त्या कामावर येत आणि ते तेल स्वतःच्या पैशाने आणत. १९४८ च्या किमान वेतन कायद्याच्या परिशिष्टात दगड फोडणे आणि इमारतीचे काम यांची नावे होती, त्यामुळे मजुरीवर भांडता तरी येई. तेलाच्या वाटीसाठी मात्र आम्हाला एका ठेकेदाराशी दोन महिने हुज्जत घालावी लागली.

विरवलेला चुना घाणीत पडतो. दगडी वर्तुळाकार चर, त्यात फिरणारे दगडी चाक, ओढणारे बैल. एक भाग चुना, दोन भाग वाळू किंवा विटकर घालून तासन् तास दळायचे. हे का? कंकराचा चुना लवकर विरत नाही. न विरलेला बारीक कण मालात राहिला तर तो भिंतीत गेल्यावर सावकाश विरतो, फुगतो आणि गिलाव्याला फोड आणतो, सांधा उचकटतो. तेव्हा घाणीचा प्रत्येक फेरा हा भिंतीच्या आयुष्याचा प्रश्न असतो. जुन्या चुन्यात गूळ होता, बेलफळ होते, हिरडा होता, उडीद होता, म्हणून तो वज्र झाला, असे आपण कौतुकाने सांगतो. गुळाच्या पाण्यात चुना थोडा अधिक विरघळतो हे खरे आहे; काही फायदा होतही असेल. परंतु उडदाची महती सांगताना घाणीमागे दिवसभर चालणाऱ्या माणसाची मजुरी आपण विसरतो. वज्रपणा आला तो पुष्कळसा दळण्याने, आणि काम झाल्यावर आठवडेच्या आठवडे भिंतीवर पाणी मारण्याने.

हे सोडले की काय होते ते रेल्वेने दाखविले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळवरून १८६७ साली नागपूरला पोचला. त्याच वर्षी जुलैत, याच कंपनीच्या मार्गावर बोरघाटात एक उंच दगडी पूल कोसळला आणि चौकशीत ठपका आला तो बांधकामाच्या दर्जावर. दगड तोच होता, ज्यात लेणी दोन हजार वर्षे उभी आहेत. मैलामागे ठराविक रक्कम घेणारा ठेकेदार आणि तारखेची घाई, यांत पहिली काटछाट जेथे डोळ्यांना दिसत नाही तेथे होते. सांध्याच्या पोटात काय आहे ते वरून दर्जा भरल्यावर कोणास दिसणार? उलट त्याच काळात हाती घेतलेले पुण्याजवळचे खडकवासल्याचे धरण चुन्यातल्या दगडकामाचे; १९६१ च्या जुलैत पानशेत फुटून त्याचा लोंढा अंगावर येईपर्यंत ते ऐंशी वर्षांहून अधिक काळ पाणी धरून होते.

चुनखडीचा दगड म्हणून दगडाच्याच रूपात केलेला वापर आपल्याकडे थोडा आहे, त्याबद्दल थोडक्यात सांगतो. आपल्या घरातली शहाबादी फरशी ही चुनखडीच. भीमेच्या खोऱ्यातला हा दगड थराथरांनी सुटतो म्हणून फरशीला सोयीचा, आणि रेल्वेमुळे तो गावोगाव गेला. त्याची परीक्षा गृहिणी रोज करतात. ओट्यावर लिंबाची फोड उपडी राहिली की पांढरा डाग पडतो, चकाकी जाते. आम्लाने चुनखडी खाल्ली जाते याचा याहून सोपा प्रयोग नाही. मुंबईला काळा दगड पायाशी असताना पोरबंदरचा चुनखडीचा दगड जहाजाने आणला गेला. १८७८ साली पुरा झालेल्या राजाबाई मनोऱ्याच्या कोरीव कामात तो आहे. कारण छिन्नीला काळा दगड दाद देत नाही, पोरबंदरचा देतो. पण जो दगड छिन्नीला लवकर वश होतो तो खाऱ्या हवेला आणि धुरालाही लवकर वश होतो. फरशीला, कोरीव कामाला, कोरड्या हवेतल्या भिंतीला चुनखडी योग्य. कारखान्याच्या धुराड्याशेजारी किंवा आम्ल सांडेल अशा जागी अयोग्य. दगड घेताना कोरडा तोलावा, चोवीस तास पाण्यात ठेवून पुन्हा तोलावा. वजन फार वाढले तर तो बाहेरच्या भिंतीत घालू नये.

सिमेंटनेही चुनखडीच खाल्ली, फक्त निराळ्या रीतीने. १८२४ साली इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. आपल्या देशात १९०४ साली मद्रासला प्रयत्न झाला, आणि १९१४ साली पोरबंदरला कारखाना खऱ्या अर्थाने चालू झाला. चुनखडी आणि माती चौदाशे अंशांच्या वर भाजायची, बारीक दळायची, पोत्यात भरायची. गवंड्याच्या दृष्टीने पाहिले तर भट्टी, विरवण आणि घाणी ही तिन्ही कामे कारखान्यात गेली. पुष्कळ दिवस सिमेंट परवान्याने मिळत असे. १९८२ साली नियंत्रण अंशतः उठले, १९८९ साली पूर्ण उठले, आणि त्यानंतर चुन्याच्या उरल्यासुरल्या घाणीही थांबल्या. चुना दुबळा म्हणून तो हरला असे समजू नये. सिमेंटचा माल एका दिवसात आवळतो आणि चुन्याला आठवडे लागतात. ज्या बाजारात दिवसाला व्याज चढते तेथे निकाल लागून चुकला होता. शिवाय बहुमजली काम, गज घातलेले छत, मोठे पूल हे चुन्याच्या आवाक्यातले नव्हते. भट्टीवरची ती बोटे आठवली की आम्हाला घाणी थांबल्याचे सरसकट दुःखही होत नाही.

दुःख होते ते दुरुस्तीत. जुन्या वाड्याची, चावडीची, घाटाची भिंत चुन्यात बांधलेली असते. जमिनीतली ओल तिच्यात चढते आणि चुन्याच्या सांध्यांतून बाहेर पडते. भिंत श्वास घेते म्हणतात ते हेच. तिच्यावर कोणी सिमेंटचा गिलावा चढविला की वाट बंद होते. ओल आत कोंडते, क्षार विटांच्या पोटात साचून त्यांचा भुगा करतात. चार वर्षांत गिलावा पत्र्यासारखा सुटतो आणि त्याबरोबर जुन्या विटेचे तोंडही येते. लोक म्हणतात, भिंत जुनी झाली होती. काळ्या घडीव दगडाला एवढे नुकसान होत नाही. विटेच्या आणि पांढऱ्या मातीच्या भिंतीला फार होते, आणि आपल्या गावांत त्याच जास्त आहेत. बंधाऱ्याच्या पायथ्याशी प्रवाहाने पोखरले असेल तेथे सिमेंट वापरण्याला आमची हरकत नाही. गावातल्या भिंतीला मात्र तिच्याच जातीचा माल पाहिजे.

अलीकडे एका जुन्या इमारतीची दुरुस्ती चुन्यातच करायची असे ठरले आणि त्या कामावरच्या मजुरांच्या वतीने आम्ही अंदाजपत्रक पाहिले. चुन्याचे काम अशी एकच ओळ होती, घनमीटरला एक दर. विरवणीचे दिवस नाहीत, दळणाचे नाहीत, पाणी मारण्याचे नाहीत. म्हणजे हे सगळे फुकट व्हावे, किंवा होऊच नये. आम्ही तिन्ही बाबी निराळ्या लिहून मागितल्या. तरुण इंजिनियर समंजस होता. त्याने विचारले, चुना पुरता दळला हे ठरविणार कोण? सत्तरीचा एक गवंडी कामावर बोलावला. त्याने घाणीतला माल चिमटीत घेतला, बोटांत चोळला, कानाशी नेऊन पुन्हा चोळला आणि म्हणाला, अजून वाजतो आहे, अर्धा दिवस फिरवा. बैल मिळेनात, तेव्हा मोटारीवर चालणारी घाणी भाड्याने आणली. विरवणीचे आणि पाण्याचे दिवस मंजूर झाले. घाणीचे भाडे कोणत्या सदरात टाकावे, यावर पत्रव्यवहार अजून चालू आहे.